ठमाबाईची हरकत

ठमाबाई हरिचंद्र भोईर या बाईबद्दल मी गोडगोड लिहीन अशी कोणाची अपेक्षा असेल, तर आत्ताच सांगून ठेवतो, ते माझ्याच्याने होणार नाही. या बाईने नऊ वर्षं माझं डोकं खाल्लं. माझ्या मेलेल्या बापाला माझ्या तोंडावर 'बबन्या' म्हटलं. तरीही तिचा एकही अर्ज मी दुसऱ्या टायपिस्टकडे जाऊ दिला नाही. का, ते मला आजही धड सांगता येणार नाही.

माझं नाव सुदाम बबन रोकडे. राहायला अंबरनाथला, बुवापाड्यात. धंदा टायपिंगचा. उल्हासनगरात कचेरीच्या फाटकाबाहेर बदामाच्या झाडाखाली माझं टेबल आणि मराठी मशीन. अर्ज, प्रतिज्ञापत्र, हरकत, हमीपत्र, जे म्हणाल ते. लोकांची रडगाणी सरकारी भाषेत घालून देणं हे माझं काम. एखादी बाई ऊर बडवत आली की मी तिचं 'सबब अर्जदार विनंती करते की' करून टाकायचो. त्यात मी तरबेज होतो आणि त्याची मला लाज वाटत नव्हती.

ठमाबाई पहिल्यांदा आली ती एक्याऐंशी साली. गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेलं लुगडं, साठीची काटक बाई, काखेत डालड्याचा डबा. वाळवी लागू नये म्हणून कागद डब्यात. समोर उभी राहिली, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, तू टेपाच्या पाड्यावरच्या बबन्याचा पोर ना? तोंडावळा तोच हाय.

माझ्या बापाला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. कारखान्यात तीस वर्षं नोकरी करून, मुलांना शिकवून, बबन शिवराम रोकडे या नावाने तो रिटायर झाला होता. मी म्हटलं, काकी, बबनराव म्हणायचं असेल तर बसा, नाहीतर पलीकडे दुसरा टायपिस्ट आहे. ती बसली. बबनराव मात्र म्हणाली नाही. त्यानंतर नाव घ्यायचंच तिने टाळलं, 'तुजा बाप' म्हणायला लागली.

टेपाचा पाडा आता कुठल्याही पाटीवर सापडायचा नाही. उल्हासनगरच्या पोटात गेला तो. मोठ्या लढाईच्या वेळी सरकारला सैनिकांच्या छावणीसाठी जागा हवी होती. आजूबाजूच्या पाड्यांची भातखाचरं घेतली, त्यात ठमाबाईच्या सासऱ्याची, जनू भोईरची, सात खाचरं. गोऱ्या साहेबाने दुभाष्याकरवी सांगितलं, कागदावरही लिहिलं, की लढाई संपल्यावर सहा महिन्यांत जमीन मोकळी करून परत देऊ. लढाई संपली. सैनिक गेले, बराकी राहिल्या. मग देशाचे दोन तुकडे झाले आणि सिंधमधून अंगावरच्या कपड्यांनिशी माणसं आली. सरकारने त्यांना त्या बराकींत घातलं. बराकींची वस्ती झाली, वस्तीचं शहर झालं. जनू भोईर वाट बघत मेला, हरिचंद्र वाट बघत मेला. ठमाबाई जांभूळ गावी माहेरी जाऊन भावाच्या शेतात राबली आणि तिथेच मुलगा वाढवला. डबा तेवढा सोडला नाही.

"जपानवाला हरला, तो पन त्याच्या घरी जेला," ती मला म्हणाली. "मी कोनाशी लरले व्हते रे, सुदाम?"

हे वाक्य अर्जात कसं घालायचं ते मला कळेना. मी टाइप केलं, 'युद्धसमाप्तीनंतर सदर जमीन मूळ मालकास परत मिळालेली नाही.' तिने वाचून दाखवायला लावलं आणि म्हणाली, यात मी कुठं हाय?

दर वर्षी एक अर्ज व्हायचा. त्याला उत्तर यायचं की प्रकरण विचाराधीन आहे. एकदा तर आधीच्या अर्जाचीच प्रत उत्तर म्हणून आली. ते बघून मीसुद्धा चिडायचो. पेन्शनीचे, रेशनकार्डाचे अर्ज करताना मला कधी राग आला नाही, या बाईच्या अर्जांनी तो मला आणला. आमचा पाडा एकच. लढाईत तीही उठली, आम्हीही उठलो. माझी आई रखमा सांगायची, टेपावरची आपली अकरा घरं एका दिवसात मोडली, आम्ही भांडी डोक्यावर घेऊन आधी मोरिवलीच्या कडेला आणि मग बुवापाड्यात आलो. मी समजत होतो की सरकारने दोघांनाही सारखंच लुबाडलं. तिचा डबा निदान भरलेला होता, आमच्याकडे तर चिटोराही नव्हता.

वर्षातून एकदा, भात झोडून झालं की, ठमाबाई आपल्या शेतात जायची. म्हणजे उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये, लधाराम नावाच्या सिंधी माणसाच्या बराकीत. मागच्या अंगणात मोरीशेजारी एक शेंदूर लावलेला दगड होता. तो तिच्या खाचरांचा राखणदार. शेताची राखण करणाऱ्या देवाला वर्षाची राखण द्यायची, कोंबडा, नारळ आणि नव्या भाताची लोंबी, ही तिच्या आगरी समाजाची रीत. शेत गेलं म्हणून तिने रीत मोडली नव्हती. भात जांभूळहून आणायची. एके वर्षी, कागदात जागेची खूण नीट यावी म्हणून, तिने मलाही नेलं. मी बुद्धाला मानणारा माणूस, दगडापुढे वाकणार नव्हतो. फाटकाशी उभा राहिलो.

लधाराम माणूस वाईट नव्हता, हे मला रागातही कबूल करावं लागतं. बटणं आणि चेन विकून त्याने बराक उभी ठेवली होती. तो तिला खुर्ची द्यायचा, चहा द्यायचा, अंगणातलं रक्त स्वतः धुवायचा. चहा पिऊन झाला की ठमाबाई दरवर्षी एकच प्रश्न विचारायची, बोल, ही जमीन कोनाची? आणि तोही दरवर्षी एकच उत्तर द्यायचा.

"माई, मेरा घर भी शिकारपुर में रह गया. मैं किससे पूछूँ?"

"तुजा घर मी नाय घेतला," ती म्हणायची. "तू माजे शेतात बसलाव. हाकलत नाय तुला. बोल तरी."

तो पुन्हा चहा विचारायचा. मला तेव्हा वाटायचं, काय ही बाई, शेत मागायचं सोडून एक वाक्य मागते. नंतर कळलं की तिला शेत परत मिळणार नाही हे केव्हाच समजलं होतं. इतक्या बराकी, इतके संसार उठवून कोणी तिला भात पेरायला देणार नव्हतं. तिला तेवढं वाक्यच हवं होतं, आणि तेच कोणाला परवडत नव्हतं.

एकोणनव्वद साली लधारामने बराक पाडून तीन मजली इमारत बांधायचं ठरवलं. त्यासाठी जागेची पक्की सनद हवी. कचेरीने नोटीस लावली की कोणाची हरकत असल्यास महिनाभरात कळवावी, मग सुनावणी होईल. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी तिचं म्हणणं समोर बसवून ऐकणार होतं. आणि लागलीच समेटवाले धावून आले. एक पुढारी होते, प्रत्येक भांडणात शाल घालायला तयार असणारे. त्यांनी ठरवून टाकलं की ठमाबाईने 'हरकत नाही' म्हणून अंगठा द्यावा. लधारामने कोपऱ्यात संगमरवरी देवळी बांधून राखणदार तिथे बसवावा. मग सुनावणीच्या दिवशीच हार, नारळ, पेढे. झालं गेलं विसरून जाऊ, म्हणाले. कोणाचं काय झालं आणि काय गेलं, याचा उच्चारसुद्धा न करता. ठमाबाईचा मुलगा अनंता जांभूळच्या पाण्याच्या प्लँटवर कामाला होता. तोही आईच्या मागे लागला की दे अंगठा आणि संपव एकदाचं.

ती तडक माझ्याकडे आली. हरकत घ्यायची होती. मी तर बाह्याच सरसावल्या. आतापर्यंतचे अर्ज पोरखेळ होते, ही हरकत पक्की करायची, म्हणून मी जमीन घेतानाच्या मूळ पंचनाम्याची नक्कल काढायला गेलो. चार खेपा घातल्या, धूळ खाल्ली आणि नक्कल मिळवली. फाटकाबाहेर येऊन टेबलावर बसून वाचायला घेतली.

'सदर जमिनीत सात भातखाचरे असून सर्व कब्जा जनू भोईर याचा आहे. सदर जमिनीत अन्य कोणाचीही घरे अगर वस्ती नाही.' खाली पंच म्हणून जनू भोईरचा अंगठा.

मी ते तीनदा वाचलं. अकरा घरं सातव्या खाचराच्या बांधाला लागून होती. त्यातल्या एका घरात माझी आई नवी नवरी म्हणून आली होती. आम्हाला सरकारने उठवलंच नव्हतं. सरकारच्या लेखी आम्ही तिथे नव्हतोच. जे नाहीत त्यांना कसली नोटीस आणि कसली परतफेड? आणि मी मूर्ख, त्याच अंगठ्याच्या सुनेसाठी आठ वर्षं मशीन बडवत होतो.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मी तिला बस म्हटलं नाही. उभीला वाचून दाखवलं. ती डबा काखेत धरून ऐकत होती.

"खोटं आहे की खरं?" मी विचारलं.

"सासरा बोलला, महारवारा दाखवला तर जमीन परत येताना वाटे व्हतील. अंगठा लावला त्यानी."

"तुम्ही कुठे होता?"

"सायबाला पानी देत व्हते."

"घरं दिसत नव्हती तिथून?"

तिने पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, "दिसत व्हती. तुजी आय चुलीम्होरं बसली व्हती."

माझा तोल गेला. लोक बघायला लागले इतका मी चढ्या आवाजात बोललो. म्हटलं, दरवर्षी त्या लधारामला विचारता ना, जमीन कोणाची ते बोल म्हणून? त्याने तर खोटा अंगठाही लावला नव्हता. आता आधी तुम्ही बोला. तुमचं न्यायाचं दुकान तुमच्याच दारापाशी बंद होतं, होय? तिने नक्कल माझ्या हातातून घेतली, डब्यात घातली आणि चालती झाली. मीही म्हटलं, गेली ब्याद.

दोन आठवडे ती फिरकली नाही. हरकतीची मुदत संपायला दोन दिवस उरले होते. माझ्या मनात येत होतं, देऊ दे अंगठा, घेऊ दे शाल. मग एका सकाळी ती बदामाखाली माझ्याही आधी येऊन बसली होती. म्हणाली, लिही, माजा सासरा खोटा बोलला. त्या जमिनीत अकरा घरां व्हती.

मी कागद चढवला. अकरा घरं असं नुसतं लिहून चालत नाही, कोणाकोणाची ते लिहावं लागतं. मी म्हटलं, नावं सांगा.

ती म्हणाली, बबन्या. चंदऱ्या. हिंद्या. कोंड्याची रांड.

मी मशीनवरून हात काढले. मला वाटलं, ही मुद्दाम करते आहे. मग तिचा चेहरा बघितला. तिला खरोखरच येत नव्हती. लग्न होऊन आल्यापासून त्या अकरा घरांतली माणसं तिच्या दारात सरपण टाकून गेली, तिच्या खाचरांत राबली, आणि त्यांची नावं काय हे तिला ठाऊक नव्हतं. हाक मारायला लागतं तेवढंच तिच्या घराने शिकवलं होतं. तेही माणसाला नाही, गुराला मारावी तशी. सरकारी कागदावर 'चंदऱ्या' चालत नाही, काकी, मी म्हटलं. पूर्ण नाव लागतं. बापाचं नाव लागतं. आडनाव लागतं.

"कोनाला म्हाईत असतील?"

"माझ्या आईला."

मला वाटलं होतं, आता ती जाईल. ती म्हणाली, चल.

बुवापाड्यातली आमची दीड खोली. आई कोथिंबीर निवडत बसली होती. ठमाबाई उंबऱ्याबाहेर थांबली. सत्तेचाळीस वर्षांनी दोघी एकमेकींना बघत होत्या. आईने तिला ओळखायला क्षणही लावला नाही. उठली, पेला भरला आणि तिच्यासमोर धरला.

"माझ्या हातचं पाणी तुझ्या सासऱ्याने कधी घेतलं नाही. पी आधी."

ठमाबाई आत आली आणि प्याली. पेला रिकामा होईपर्यंत आई बघत राहिली. मग तिने नावं सांगितली. घाई केली नाही. चंदर धर्मा भालेराव. हिंदुराव सखाराम रोकडे. प्रत्येक नाव ठमाबाईकडून म्हणवून घेतलं, चुकलं तर परत. मी समोर बसून लिहून घेत होतो. चौथ्या घराशी ठमाबाई अडली. तोंडात तोच जुना शब्द आला असावा, तिने तो गिळला.

"भागीरथी," आई म्हणाली. "भागीरथी कोंडू साळवे. नवरा गेला तेव्हा एकवीस वर्षांची होती. इकडे येताना वाटेत बाळंत झाली. मूल राहिलं नाही. म्हण."

ठमाबाईने म्हटलं. अकरा नावं झाल्यावर तिने हात जोडले. आईने ते खाली करायला लावले.

"नावं ने," आई म्हणाली. "माफी मागायला आली असशील तर ती माझ्यापाशी नाही. अकरा घरांची माफी मी एकटीने कशी देऊ?"

परत येताना ठमाबाई सबंध वाटभर ओठ हलवत होती. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून पाठ करत होती.

सुनावणीच्या दिवशी पुढारी हार घेऊन हजर. लधाराम इस्त्रीचा शर्ट घालून हजर. साहेबांनी हरकत वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, बाई, हे तुम्ही लिहून दिलंत तर तुमचाच दावा लंगडा पडतो. हा परिच्छेद काढून टाका, तुमच्या हिताचं सांगतो. साहेबांचं चुकलं नव्हतं, कायदा तसाच आहे. मीही तिला आदल्या दिवशी तेच सांगितलं होतं.

"सायब, माजा सासरा खोटा बोलला," ठमाबाई उभी राहून म्हणाली. "मी पानी देत व्हते, मी बघितला. आता मी बोलले. आता ह्यो बोलूं दे, आन् सरकार बोलूं दे."

मग तिने अकराही नावं म्हटली. पहिलं नाव घेताना माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बबनराव शिवराम रोकडे. कागदावर राव नव्हता. साहेबांनी लधारामला विचारलं, तुम्हाला काही सांगायचं आहे? तो टेबलाकडे बघत म्हणाला, साहब, कागज में जो है वही है.

बाहेर व्हरांड्यात मात्र तो तिच्यामागे धावत आला. पुढारी हार घेऊन लांब उभे होते, त्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाला, "माई, जमीन आपकी थी."

ठमाबाईने त्याचं मनगट धरलं. "आत चल. आत बोल."

तो आत गेला नाही. तिने मनगट सोडलं. पुढाऱ्यांनी हार पुढे केला तेव्हा तिने तो घेतला, शेजारच्या बाकावर ठेवला आणि आम्ही फाटकाबाहेर आलो. मला राग लधारामचा आला, साहेबांचा आला, त्या हाराचाही आला. तिच्यावरचाही गेला नव्हता.

नव्वदच्या उन्हाळ्यात हुकूम आला. बराक तोवर पाडली होती, राखणदार संगमरवरी देवळीत बसला होता. मी ठमाबाईला निरोप धाडला, ती जांभूळहून आली. मी हुकूम वाचून दाखवला. हरकतदार हिने स्वतःच अन्य इसमांची वस्ती मान्य केली असल्याने तिच्या सासऱ्याच्या एकट्याच्या कब्जाचा दावा शाबीत होत नाही. तसेच बबन शिवराम रोकडे व इतर दहा इसम यांच्या वस्तीचा कोणताही दस्तऐवज उपलब्ध नाही. सबब हरकत फेटाळण्यात येते.

संपलं होतं. जी एक गोष्ट खरी बोलली गेली, तिचाच आधार घेऊन त्यांनी तिला घालवलं, आणि आम्हालाही घालवलं. मी कागदाची घडी केली. जमिनीबद्दल ती काहीतरी बोलेल म्हणून थांबलो.

"ते मधला परत वाच," ती म्हणाली.

"बबन शिवराम रोकडे व इतर दहा इसम."

"इतर कोन?"

मी सांगितलं, बाकीची दहा घरं. कचेरीत असंच लिहितात, जागा वाचते. ती उठून उभी राहिली. नऊ वर्षांत तिला इतकी चिडलेली मी बघितली नव्हती, लधारामवरही नाही आणि माझ्यावरही नाही.

"इतर नावाचा कोनी मानूस टेपावर नव्हता," ती म्हणाली. "मी येकेक नाव सांगितला त्यांना. उभी राहून सांगितला. कागद चरव."

मी म्हटलं, काकी, प्रकरण निकालात निघालं. आता अर्ज देऊन जमीन मिळणार नाही.

"जमीन कोन मागते?"

मी कागद चढवला. विषय, हुकुमात राहून गेलेली नावे दाखल करणेबाबत. तिने डबा टेबलावर ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. चंदर धर्मा भालेराव. हिंदुराव सखाराम रोकडे. माझ्या आईने शिकवलेल्या क्रमाने, एकदाही न अडता. मी तिला माफ केलेलं नाही. आईनेही केलं नाही. पण चौथ्या घराशी माझीच बोटं थांबली, तेव्हा तिने मशीनवर हात ठेवला आणि दरडावून म्हणाली, "भागीरथी. भागीरथी कोंडू साळवे. लिही."